ट्रामवरचे झेंडे

राजोडीहून आईचा फोन आला की पहिला प्रश्न थंडीचा, दुसरा जेवणाचा. 2022च्या मार्चमध्ये मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत युद्धच. मराठी वाहिन्यांवर कीव्ह आणि खार्कीव्ह दिवसरात्र चालू होतं, नकाशावर लाल बाण धावत होते आणि त्या नकाशाच्या कडेला वॉर्सा दिसायचं. म्हणजे आईच्या हिशेबी तिची मुलगी आघाडीवरच बसली होती. 25 मार्चला पोप फ्रान्सिस यांनी रशिया आणि युक्रेन ही दोन्ही राष्ट्रं मरियेच्या निष्कलंक हृदयाला समर्पित केली, जगभरच्या बिशपांना त्यात सामील व्हायला सांगितलं. त्या दिवशी आई नंदाखालच्या चर्चमध्ये गुडघे दुखत असूनही गुडघ्यांवर होती.

तोवर ‘ऑपरेशन गंगा’ची नव्वदेक विमानं येऊन गेली होती. युक्रेनमध्ये शिकणारी आपली मुलं घरी पोचली, विमानतळावर हारतुरे झाले आणि बाण नकाशावरून गेले. आपली माणसं सुखरूप निघाली की उरलेलं युद्ध परक्याचं. त्यानंतर मराठी बातम्यांत युक्रेन पुन्हा ठळक झालं ते तेलामुळे. रशियाचं तेल घेता म्हणून 2025च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतावर आणखी 25 टक्के शुल्क लादलं, एकूण 50 झालं, आणि चर्चा रंगली ती आपल्या कोळंबीचं आणि कपड्यांचं काय होणार याची. आई अलीकडे विचारते, "तुमच्याकडचं ते युद्ध मिटलं ना गं?" नाही म्हटलं की म्हणते, "मग दाखवत का नाहीत?"

वाहिन्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण इथे पोलंडमध्ये, युक्रेनच्या सरहद्दीला लागून असलेल्या देशात तरी वेगळं काय झालं?

त्या पहिल्या दिवसांत मी पाहिलेलं वॉर्सा विसरणं शक्य नाही. प्रत्येक ट्रामच्या टपावर पोलंडच्या झेंड्याशेजारी निळा-पिवळा झेंडा. मध्यवर्ती स्टेशनात गाद्या, सूपची पातेली, मांजरांच्या पिंजऱ्यांसह उतरलेल्या बायका. राष्ट्रीय स्टेडियममध्ये निर्वासितांना ‘पेसेल’ क्रमांक द्यायची सोय केली होती. हा आपल्या आधारसारखा. तो मिळाला की दवाखाना, शाळा, बँक, नोकरी, सगळं सुरू होतं. घरात निर्वासित ठेवणाऱ्याला सरकार माणशी रोज 40 झ्लॉटी देत होतं, पण पैशांची वाट न पाहता लोकांनी खोल्या उघडल्या होत्या.

आपल्याकडे म्हणतात ना, एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. पोलंडमध्ये तिसरा दिवस उजाडायला साधारण वर्ष लागलं. 2023च्या एप्रिलमध्ये युक्रेनच्या धान्यावर बंदी आली, नोव्हेंबरमध्ये पोलिश ट्रकवाल्यांनी सरहद्द अडवली, पुढच्या फेब्रुवारीत शेतकऱ्यांनी दोरोहुस्कच्या सरहद्द नाक्यावर युक्रेनी धान्य रस्त्यावर ओतलं. शेतकऱ्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. भाव पडला होता. वसईच्या वाडीवाल्याला ते समजावून सांगायला नको. ट्रामवरचे झेंडे कधी उतरले ते मात्र कुणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्याही नाही.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलाशी खार्कीव्हची एक बाई बसते. हिशेबात माझ्यापेक्षा पक्की. तिच्या मोबाइलमध्ये गावाकडच्या हवाई इशाऱ्याचं अ‍ॅप आहे; आई अजून तिकडेच आहे ना. पहिल्यांदा तो भोंगा भर मीटिंगमध्ये वाजला तेव्हा सगळे उभे राहिले होते. साहेबांनी तिला पाणी दिलं. आता तो वाजतो, ती अंगठ्याने दाबते, आणि महिनाअखेरचा तक्ता पुढे सरकतो. ट्राममध्ये ती हल्ली आईशी हळू बोलते. का, ते मी विचारलं नाही, विचारायची गरज नव्हती.

झेंडे गेल्याचं मला फारसं दुःख नाही. उमाळा कितीही खरा असला तरी तो टिकत नाही. मला धास्ती वाटते ती कागदांची. 25 ऑगस्ट 2025 रोजी नवे राष्ट्राध्यक्ष कारोल नाव्हरोत्स्की यांनी युक्रेनी निर्वासितांच्या सवलतींची मुदत वाढवणारा कायदा सही न करता परत पाठवला. म्हणणं असं, की मुलामागे महिन्याला मिळणारे 800 झ्लॉटी काम करणाऱ्या आईबापांनाच मिळावेत. सप्टेंबरात तशी अट घालून नवा कायदा आला आणि संरक्षण 4 मार्च 2026पर्यंत वाढलं. मधल्या काळात, 10 सप्टेंबरच्या पहाटे, रशियाचे ड्रोन पोलंडच्या हद्दीत शिरले. वॉर्साचा शोपँ विमानतळ काही तास बंद राहिला. युद्ध पुन्हा पहिल्या पानावर! आईचा फोनही आला, कारण राजोडीलाही ते दिसलं होतं. आठवडाभर टिकलं, मग ओसरलं.

लक्ष असं ओसरण्याची एक जुनी गोष्टही वॉर्सातच आहे. इथे दुसऱ्या महायुद्धातल्या माँटे कासिनोच्या लढाईच्या स्मारकाजवळ कोल्हापूरच्या नावाचं एक छोटं स्मारक आहे. ऑगस्ट 2024मध्ये पंतप्रधान मोदींनी तिथे फुलं वाहिली तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी दोन दिवस छापलं. स्टॅलिनने पूर्व पोलंडमधून सायबेरियात आणि कझाकस्तानात हाकललेली माणसं इराणमार्गे भारतात आली आणि 1943पासून 1948पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश लोक कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिले. बहुतेक बायका, मुलं, म्हातारी. बराकी, शाळा, चर्च, स्काउट, नाटकं, सगळं होतं. तिथे कॅमेरे नव्हते. उलट जगाचं लक्ष उडण्याचा सगळ्यात मोठा दाखला त्यांनी तिथे बसूनच पाहिला: 5 जुलै 1945 रोजी ब्रिटन आणि अमेरिकेने त्यांच्या लंडनमधल्या सरकारची मान्यता काढून मॉस्कोला चालेल अशा सरकारला दिली. 8 जून 1946ला लंडनमध्ये विजयाचं संचलन झालं, त्यात माँटे कासिनो जिंकणारं पोलिश सैन्य नव्हतं. ज्यांच्यासाठी युद्ध सुरू झालं म्हणायचे, तेच बाहेर. तरी वळिवड्याची शाळा भरत राहिली. मला त्या छावणीचं कौतुक आहे ते याच गोष्टीसाठी.

खार्कीव्हच्या बाईला मी एका दुपारी ते स्मारक दाखवलं. त्या पोलिशांपैकी कितीतरी जण ज्या गावांतून आले ती आज युक्रेनच्या पश्चिमेला आहेत, हे तिला माहीत होतं. कोल्हापूर माहीत नव्हतं. तिने लगेच हिशेबनिसाचा प्रश्न विचारला, "छावणी बंद झाल्यावर कुठे गेले?" मी सांगितलं, कुणी इंग्लंडला, कुणी आफ्रिकेतल्या छावण्यांत, थोडे परत पोलंडला.

"आणि बराकी?"

"फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले. आता गांधीनगर म्हणतात, कापडाची मोठी बाजारपेठ आहे."

"घाऊक?" तिने विचारलं. हो म्हटल्यावर तिने मान डोलावली आणि मुलाच्या शाळेचा दाखला आणायचा म्हणून ट्रामकडे निघाली.