काट्यापाशी ठरते कंपनी

जालना जिल्ह्यातल्या परतूर, मंठा, घनसावंगी या भागातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांची संचालक मंडळे आणि त्यांचे पगारी कर्मचारी यांना कामासाठी तयार करणे हा माझा व्यवसाय आहे. कंपनी नोंदवून देणारे आता तालुक्याच्या गावी भेटतात. हिशेब तपासणारे भेटतात, प्रकल्प अहवाल लिहून देणारेही भेटतात. माझ्याकडे मंडळी येतात ती त्यानंतर. सभासद तीनशे झालेले असतात, गोदाम उभे असते, चाळणी यंत्र बसलेले असते, आणि तरीही माणसे एका दिशेने चालत नसतात.

या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे. ध्येय आणि मूल्ये कार्यालयाच्या भिंतीवर रंगवली म्हणून टीम बांधली जात नाही. मूल्य पाळायचे तर ज्या दिवशी पदरचे पैसे जातात, त्या दिवसासाठी आधीच नियम करून ठेवावा लागतो आणि तो अध्यक्षापासून हमालापर्यंत सगळ्यांना सारखा लावावा लागतो. तसे झाले की लोक कंपनीला ‘आपली’ म्हणू लागतात.

शेतकरी उत्पादक कंपनीचे वेगळेपण असे की तिची काही मूल्ये कायद्यानेच घालून दिलेली आहेत. अर्थतज्ज्ञ वाय. के. अलघ यांच्या समितीच्या शिफारशींवरून 2002 मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि सहकाराचा आत्मा व कंपनीची शिस्त एकत्र आणणारा हा प्रकार जन्माला आला. दहा शेतकरी एकत्र येऊन अशी कंपनी नोंदवू शकतात. शेअर कितीही असोत, सभासद व्यक्तीला मत एकच. भांडवलावर मर्यादित परतावा देता येतो, पण शिल्लक नफ्यातला बोनस वाटायचा तो सभासदाने कंपनीशी किती व्यवहार केला त्या प्रमाणात. शेअर विकायचा तर तो सक्रिय सभासदालाच. संचालक कमीत कमी पाच आणि जास्तीत जास्त पंधरा, आणि पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमणे बंधनकारक. या तरतुदी नीट वाचल्या तर कंपनीची नीतीच समोर येते: इथे पैशापेक्षा माणूस मोठा, आणि नुसत्या सभासदापेक्षा माल आणणारा सभासद मोठा. दुर्दैवाने नियमावली इंग्रजीत छापून कपाटात राहते. म्हणून माझी पहिली बैठक असते ती नियमावलीचा मराठीत अर्थ लावण्याची, आणि ती मी संचालकांबरोबर हिशेबनीस व गोदाम सांभाळणारा यांनाही बसवूनच घेतो.

दुसऱ्या बैठकीत ध्येय ठरते. बहुतेक ठिकाणी आधी उत्तर येते, ‘शेतकऱ्याचे उत्पन्न वाढवणे’. हेतू चांगला आहे, पण त्यावरून उद्या सकाळी कोणी काय करायचे हे कळत नाही. मी विचारतो, तुमच्या सभासदाचा पैसा नेमका कुठे गळतो? मग बोलणी खरी सुरू होतात. परतूरचा पट्टा दुधनेच्या काठचा, काळ्या जमिनीचा. कापूस, सोयाबीन, तूर ही इथली पिके. सोयाबीन दसऱ्या-दिवाळीच्या तोंडावर निघते, आणि नेमकी तेव्हाच घरात पैशाची गरज असते. खताची उधारी द्यायची असते, मुलांची फी भरायची असते, सण दारात असतो. शेतकरी ओला माल घेऊन निघतो. वजनात गळते, ओलाव्याच्या कपातीत गळते, मातेरे म्हणून वजा होते, हमाली-तोलाईत जाते आणि उरलेले पैसे मिळायला थांबावे लागते. हे सगळे फळ्यावर आले की ध्येय आपोआप आकार घेते: ‘आमच्या सभासदाचे माप चुकणार नाही, कपात त्याच्यासमोर होईल आणि पैसे सात दिवसांत खात्यावर जातील.’ हे वाक्य भाषणात फारसे शोभत नाही. पण गोदामातल्या मुलाला त्यावरून आपले काम कळते.

आता ओलाव्याचेच पाहा. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला ओलाव्याची मर्यादा 12 टक्के असते. एखाद्याचा माल 16 टक्के ओलाव्याचा आला. शंभर किलोत कोरडा ऐवज 84 किलो. तोच माल 12 टक्क्यांवर आणला तर वजन साधारण 95.5 किलो भरेल. म्हणजे क्विंटलमागे साडेचार किलोची कपात रास्त, त्याहून जास्त कापली तर तो सभासदावर अन्याय, आणि कमी कापली तर बाकीच्या सभासदांवर. 14 टक्क्यांना हीच कपात सव्वादोन किलोच्या आसपास येते. हा तक्ता मोठ्या अक्षरात काट्याशेजारी लावा, ओलावा मोजायचे यंत्र सभासदाच्या नजरेसमोर ठेवा आणि आकडा पट्टीवर लिहून द्या, असे मी सांगतो. प्रामाणिकपणावर तासभर बोलून जे साधत नाही ते या तक्त्याने साधते. काट्यावरच्या मुलाला कोणाला झुकते माप द्यायची मुभा राहत नाही आणि त्याच्यावर कोणी दबावही आणू शकत नाही. नियम त्यालाही सांभाळतो.

याची खरी परीक्षा मात्र संचालकाची ट्रॉली आली की होते. संचालकाची गाडी रांग मोडून पुढे गेली किंवा त्याचा ओला माल कोरडा म्हणून लिहिला गेला, की संध्याकाळपर्यंत ही गोष्ट साऱ्या गावात पोचते. त्यानंतर कोणतेही प्रशिक्षण उपयोगाचे नाही. म्हणून हंगामापूर्वी मंडळाने लेखी ठराव करावा: संचालकाच्या मालाचा नमुना दुसऱ्या संचालकाच्या आणि एका सभासदाच्या समक्ष काढला जाईल, आणि रांगेचा क्रमांक कोणालाही बदलता येणार नाही. ठराव असला की काट्यावरच्या पोराला ‘दादा, नियम आहे’ एवढे म्हणता येते. लहान पदावरच्या माणसाला मोठ्या माणसापुढे हे तीन शब्द बोलता येणे, हीच मी चांगल्या टीमची खूण मानतो.

जालना जिल्ह्याला ही शिकवण बाहेरून आणायची गरज नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये जालन्यात महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजे आपली ‘महिको’, सुरू केली. 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्याचा धंदा असा आहे की ग्राहकाला विकत घेताना माल पारखता येत नाही. पिशवीतल्या दाण्याची उगवण प्रयोगशाळेत कळते, पण वाणाची शुद्धता शेतात पीक फुलोऱ्यावर आल्यावर कळते, आणि तोवर शेतकऱ्याचा हंगाम पणाला लागलेला असतो. हे बियाणे कंपनीच्या आवारात तयार होत नाही, ते शेकडो शेतकऱ्यांच्या सीड प्लॉटवर तयार होते. संकरित कापसाचा प्लॉट पाहा. दुपारनंतर मादी ओळीतल्या कळ्यांतले पुंकेसर हाताने काढायचे, खूण करायची, दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या फुलाचे पराग त्यावर लावायचे. एका कळीत पुंकेसर राहून गेले तर ते त्या क्षणी कोणाला दिसत नाही. ज्वारीच्या संकरित बियाण्याला दुसऱ्या ज्वारीपासून दोनशे मीटर अंतर ठेवावे लागते, भेसळीची झाडे फुलण्याआधी उपटावी लागतात. हे सारे काम करणारी माणसे मालकाच्या नजरेपासून लांब असतात.

असा धंदा जिथे सहा दशके टिकला, तिथे विश्वास ही कामाची रीत म्हणून रुजवावी लागली असणार. शेतावर जाऊन पुन्हापुन्हा पाहणी, प्रत्येक लॉटची चाचणी आणि न उतरलेला लॉट बाजूला काढणे, या बियाणे व्यवसायाच्या रीती आहेत. लॉट बाजूला काढला की कंपनीचे पैसे जातात, उत्पादक नाराज होतो. पण तो विकला तर पुढच्या वर्षी शेतकरी दारात उभा राहत नाही. याच व्यवसायाने दुसरा धडाही दिला आहे. संकरित कापसाच्या परागीकरणात लहान मुलांना राबवण्याचा प्रश्न देशात गाजला. शुद्धतेचे मूल्य पाळताना मुलांच्या शाळेचे मूल्य विसरले तर ध्येय अपुरे ठरते. कंपनीने मूल्ये ठरवताना विचारले पाहिजे की आपला माल ज्या हातांतून येतो, ते हात कोणाचे आहेत.

लांबून होणाऱ्या कामात दर्जा राखण्याचे दुसरे उदाहरण मुंबईचे. तिथे 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. आज ‘श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड’ हे नाव घरोघरी माहीत आहे. तिथे काम करणारी प्रत्येक जण ‘बहीण’ आणि सहमालक. सकाळी केंद्रातून मळलेले पीठ न्यायचे, घरी पापड लाटायचे, दुसऱ्या दिवशी आणून द्यायचे, तपासणी व्हायची आणि मोबदला हातात मिळायचा. हजारो स्वयंपाकघरांत लाटलेला पापड एकाच जाडीचा, एकाच चवीचा राहतो, त्याचे कारण पीठ एका जागी मळले जाते, तपासणी सगळ्यांची होते आणि लाटणाऱ्या बाईला संस्थेच्या नफ्यातोट्यात आपला वाटा दिसतो. आपल्या उत्पादक कंपन्यांनी हे तंत्र जरूर अभ्यासावे. मालकी आणि तपासणी दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला आल्या की दर्जा राखणे जमते.

आता माणसे निवडण्याचे. केंद्राच्या दहा हजार शेतकरी उत्पादक संघटनांच्या योजनेत, जी 29 फेब्रुवारी 2020 रोजी सुरू झाली, एका कंपनीला तीन वर्षांत 18 लाख रुपयांपर्यंत व्यवस्थापन खर्च मिळतो. तीन वर्षांनी तो थांबतो. इथे बऱ्याच कंपन्या अडकतात. अनुदान असेपर्यंत मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून कोणाचा तरी पुतण्या किंवा भाचा बसवला जातो आणि अनुदान संपले की खुर्ची रिकामी होते. नात्यातला माणूस नेमूच नये असे माझे म्हणणे नाही. तो नेमायचा असेल तर त्याची मुलाखत घेणाऱ्यांत नातेवाईक नसावा आणि त्याचा पहिला महिना खरेदी केंद्रावर, पोत्यांच्या थप्पीशेजारी जावा. उमेदवाराला मी नेहमी एक प्रसंग देतो: अध्यक्षांचा फोन आला की आमच्या पाहुण्यांचा माल आजच घ्या, आणि बाहेर चाळीस गाड्या उभ्या आहेत, तुम्ही काय कराल? पदवीपेक्षा त्या उत्तरातून मला जास्त कळते. नकार कसा द्यायचा, आदर राखून कसा द्यायचा, हे ज्याला जमते तो टिकतो.

पगार वेळेवर देणे हेही मूल्य आहे. जी कंपनी आपल्या हिशेबनिसाचा पगार दोन महिने थकवते, ती सभासदाचे पैसे सात दिवसांत देईल यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. तसेच हमालांचे. पोती उचलणारी माणसे हंगामात सर्वांत जास्त वेळ केंद्रावर असतात, माल कुठे कमी-जास्त होतो हे त्यांनाच आधी कळते. त्यांना बैठकीत बोलवा, त्यांचे ऐका. टीम म्हटले की नुसती खुर्च्यांवर बसणारी माणसे धरण्याची सवय आपण सोडली पाहिजे.

सर्वांत अवघड प्रसंग येतो तो सभासद माल दुसरीकडे नेतो तेव्हा. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये होता, आणि खुल्या बाजारातले दर त्याखाली राहिल्याचे आपण पाहिले. गावातला व्यापारी रोख देतो, आधी उचलही देतो. कंपनी तीस रुपयांनी कमी देत असेल तर सभासदाने माल कंपनीलाच का घालावा? केवळ निष्ठेची शपथ घालून हा प्रश्न सुटत नाही. कायद्यात याचे उत्तर आहे. माल घेताना काही किंमत राखून ठेवता येते आणि वर्षअखेर ती रोख किंवा शेअरच्या रूपाने परत देता येते. मग बोनस मिळतो तो वेगळाच. पण हे वर्षाच्या सुरुवातीलाच सांगितले पाहिजे, पट्टीवर लिहिले पाहिजे आणि वर्षअखेर खरोखर दिले पाहिजे. ज्या वर्षी नफा झाला नाही त्या वर्षी तसे सभेत उभे राहून, आकडे वाचून सांगितले पाहिजे. तोट्याचे खरे कारण कळलेला सभासद पुढच्या वर्षी परत येतो. ताळेबंद लपवलेल्या कंपनीकडे तो फिरकत नाही.

2025 च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीने मराठवाड्यातले सोयाबीन पाण्यात गेले. अशा वर्षी डागी, काळवंडलेला माल येतो आणि नियम कठोर वाटतात. अशा वेळी प्रत मोजण्याचा नियम सैल करू नये, मदतीचा मार्ग वेगळा ठेवावा, असे मी सांगतो. डागी मालाची वेगळी थप्पी लावा, तो वेगळ्या ग्राहकाला विका, वाळवण्यासाठी गोदामाचे आवार खुले करा, गरजू सभासदाला पैसे आधी द्या. चांगल्या मालात खराब माल मिसळून उपकार केला तर खरेदीदार जातो आणि सगळ्यांचेच नुकसान होते. दया आणि मोजमाप यांची खाती वेगळी ठेवणे हे मूल्यांवर चालणाऱ्या कंपनीचे लक्षण आहे.

शेवटी सभासद बंधू-भगिनींना एक विनंती. उत्पादक कंपनीच्या सर्वसाधारण सभेची गणपूर्ती एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश इतकी आहे. तीनशे सभासदांच्या कंपनीत 75 माणसे लागतात. पुढच्या सभेला त्या 75 मध्ये तुम्ही असा. घरातल्या ज्या बाईच्या नावावर शेअर आहे, तिला स्वतः येऊ द्या. तिचे मत तिचेच आहे. आणि चार प्रश्न विचारा: संचालकांचा माल कोणी मोजला? पैसे सरासरी किती दिवसांत मिळाले? राखून ठेवलेल्या किमतीचा हिशेब कुठे आहे? कर्मचाऱ्यांचे पगार वेळेवर झाले का? या चार प्रश्नांची उत्तरे ज्या कंपनीकडे लेखी आहेत, तिच्यात आपला माल आणि आपला मुलगा दोन्ही निर्धास्तपणे पाठवावेत. जिच्याकडे नाहीत, तिला ती तयार करायला लावणे हे मालक म्हणून आपले काम आहे.