कंगवा, कपटे आणि एक पेशी

दिवाळीच्या सुमारास चलथाणच्या साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की डांग व खानदेशातून ऊसतोड मजुरांचे तांडे येतात, आणि त्यांची काही मुले आमच्या शाळेत बसू लागतात. त्यांतला एक मुलगा वरचेवर गैरहजर राही. विचारले, तर सांधे दुखतात म्हणे. आम्ही ते आळसाचे निमित्त मानून एकदा त्याला वर्गाबाहेर उभे केले. पुढे रक्ततपासणीत त्याला सिकलसेल निघाला. दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात हा आनुवंशिक विकार बराच आढळतो. प्राणवायू उणा पडताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य कळा येतात.

त्या अपराधी मनाने आम्ही, मराठीचे पदवीधर असूनही, या विषयाचे वाचन आरंभले. तेव्हा एका विलक्षण साधनाची ओळख झाली. लहानशा चिपेवर केसासारख्या बारीक नाल्या असतात. त्यांतून पेशी मिसळलेला द्रव सोडून सूक्ष्म विद्युतअग्रांना प्रत्यावर्ती विद्युतदाब दिला, की एकच पेशी जागच्या जागी धरता येते. तांबडी पेशी म्हणजे मिलिमीटरचा सुमारे सव्वाशेवा भाग!

यामागील तत्त्व आपण बालपणी पाहिलेलेच आहे. केसांवर घासलेल्या कंगव्याकडे कागदाचे कपटे धावतात. कपट्यावर स्वतःचा विद्युतभार नसतो. पण कंगव्यापाशी आणताच त्याच्या दोन बाजूंस विरुद्ध भार प्रकटतात, आणि विद्युतक्षेत्र जवळ तीव्र, दूर मंद असल्याने तो ओढला जातो. पेशीचेही तसेच. मात्र भोवतालच्या द्रवाहून तिच्यावर हा परिणाम कमी होत असेल, तर ती उलट मंद क्षेत्राकडे लोटली जाते. हर्बर्ट पोल यांनी १९५१ साली या क्रियेस डायइलेक्ट्रोफोरेसिस हे नाव दिले; १९६६ साली तिच्याच योगे यीस्टच्या जिवंत व मृत पेशी वेगळ्या केल्या गेल्या.

एकच पेशी धरण्याचा खटाटोप कशासाठी? थेंबभर रक्त एकत्र तपासले तर कोट्यवधी पेशींची सरासरी कळते. कोणती पेशी वाकली, कोणती तगली, हे त्या सरासरीत बुडून जाते.

हे साधन मुख्यतः प्रयोगशाळांतले; आमच्या त्या विद्यार्थ्याचे निदान साध्या रक्ततपासणीनेच झाले. परंतु आयुष्यभर वर्गाच्या टक्केवारीवर समाधान मानणाऱ्या आम्हांस त्याने चांगलाच धडा दिला. यंदा तो मुलगा पुन्हा आला आहे. त्याने वरचेवर पाणी प्यावे, म्हणून आम्ही त्याला माठाजवळ बसवले आहे. हजेरी घेताना त्याच्या नावापाशी आम्ही पटावरून नजर उचलतो आणि आधी त्याचा चेहरा पाहतो.