सावली पडणारा एकटाच

नरकाच्या घुसमटीतून वर आल्यावर दान्तेला पहिल्यांदा भेटतो तो आकाशाचा निळा रंग. पहाट अजून पुरती फटफटलेली नाही, दूरवर समुद्र नुसता हलताना कळतो आहे, आणि वाटाड्या होऊन सोबत आलेला व्हर्जिल, दान्तेच्या काळाच्या तेराशे वर्षं आधी वारलेला कवी, खाली वाकून गवतावर दोन्ही तळवे अलगद टेकवतो, दवाने ओले करून घेतो आणि त्या ओल्या हातांनी दान्तेचे गाल पुसतो. नरकातली काजळी, तिच्यावर रडून सुकलेले ओघळ, सगळं निघून जातं.

मेलेला माणूस जिवंत माणसाचं तोंड धुतो आहे.

दान्तेची ‘डिव्हाइन कॉमेडी’ म्हटलं की बोलणं नरकावर जातं. त्याची वर्तुळं, तिथला बर्फ, तिथल्या शिक्षा. शंभर सर्गांच्या आणि चौदा हजारांहून अधिक ओळींच्या त्या काव्यात मी मात्र नरक आणि स्वर्ग यांच्या मधल्या पर्वतापाशीच रेंगाळत राहते. पापं फिटेपर्यंत आत्म्यांनी चढायचा हा डोंगर. नरकात कायमचा अंधार, स्वर्गात न मावळणारा उजेड. सकाळ-संध्याकाळ होते ती फक्त इथे. सूर्य बुडाला की इथे कुणाला एक पाऊलही वर टाकता येत नाही. जिथे होता तिथेच थांबायचं आणि उजाडण्याची वाट पाहायची.

याच किनाऱ्यावर त्याला त्याचा गायक मित्र कासेला भेटतो. दान्ते त्याला मिठी मारायला धावतो, तीनदा हात पुढे करतो, आणि तिन्ही वेळा ते हात रिकामेच त्याच्या स्वतःच्या छातीशी येऊन मिळतात. व्हर्जिलचे तळवे गालांना लागले आणि मित्राची मिठी लागली नाही, याचा हिशोब कवीने इथे दिलेला नाही. मी तो मागितलाही नाही. आई गेल्यानंतर कितीतरी रात्री ती स्वप्नात येऊन ओट्यापाशी उभी राहायची, बोलायची, माझ्याकडे बघून हसायची. आणि मी खांद्याला हात लावायला गेले की ओटा तेवढा उरायचा. तेव्हापासून कासेलाची जागा आली की पान उलटायला मला वेळ लागतो.

मग सूर्य वर येतो. चढावर दोघे शेजारी चालत आहेत, ऊन पाठीवर आहे, आणि दान्तेला समोरच्या जमिनीवर सावली दिसते. एकच. घाबरून तो बाजूला वळतो. वाटतं, व्हर्जिल आपल्याला सोडून गेला. व्हर्जिल तिथेच असतो. ज्या देहाची सावली पडायची तो देह, तो समजावतो, ब्रिंदिसीहून नेऊन नेपल्समध्ये पुरला आहे, आणि तिथे आता संध्याकाळ होत असेल. स्वतःच्या देहाविषयी किती दुरून, किती मायेने बोलावं कुणी! पुढे डोंगरावर ठिकठिकाणी आत्मे थबकतात, या माणसातून ऊन आरपार जात नाही म्हणून चकित होतात, त्यांचं गाणं मध्येच तुटतं आणि घोगरा लांब उद्गार तेवढा उरतो. आपल्या मागेपुढे जी सावली दिवसभर नुसती फरफटत असते, तिच्याकडे ते डोळे भरून पाहतात.

हे लिहिणाऱ्याचा देहही घरापासून लांबच राहिला. 1302 साली फ्लॉरेन्सने दान्तेला हद्दपार केलं, परतलास तर जाळू असं सांगितलं; 1321 साली तो रावेन्नात वारला आणि तिथेच पुरला गेला. फ्लॉरेन्सने पुढे सांता क्रोचेच्या चर्चमध्ये त्याचं भव्य स्मारक उभारलं. आत कुणी नाही. परक्यांच्या घरचे जिने चढणं-उतरणं किती जड असतं, हे ज्याने काव्यात लिहून ठेवलं, त्याच्या काव्याची एक जुनी हस्तलिखित पोथी गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या हातून मुंबईत आली आणि एशियाटिक सोसायटीत, टाउन हॉलच्या त्या उंच पायऱ्यांवर, वस्तीला राहिली. त्या पायऱ्यांखालून जाताना मला उगीचच त्या पोथीची काळजी वाटते.

डोंगर संपतो तिथे, माथ्यावरच्या वनात, दान्तेची दिवंगत प्रिया बिआत्रिचे येते. जिच्यासाठी सारा प्रवास केला ती समोर उभी राहताच दान्ते भेदरतो आणि आईकडे वळणाऱ्या लेकरासारखा डावीकडे वळतो, व्हर्जिलला काही सांगायला. व्हर्जिल नसतो. निरोप न घेता, पाऊल न वाजवता तो गेलेला असतो, आणि पहाटे त्याने दवाने धुतलेले ते गाल पुन्हा आसवांनी काळे होतात. सगळं नंदनवन भोवती फुललेलं असताना.

पण मला सगळ्यात जपून ठेवावंसं वाटतं ते याच्याही पुढचं आहे, स्वर्गातलं, चौदाव्या सर्गातलं. सूर्याच्या गोलात ज्ञानी आत्मे ज्योतींची वर्तुळं करून फिरत आहेत. थॉमस अक्वायनस, बोनाव्हेंतुरा, राजा सॉलोमन. देवाच्या सन्निध आहेत, कसली वाण नाही. तरी, शेवटच्या दिवशी देह परत मिळतील एवढं कानावर पडताच ते सगळे इतक्या उतावीळपणे ‘आमेन’ म्हणतात, की मेलेल्या देहांची त्यांची ओढ लपत नाही. कदाचित नुसती स्वतःसाठी नसेल ती, दान्ते म्हणतो; त्यांच्या आयांसाठीही असेल, वडिलांसाठी, जी जी माणसं प्रिय होती त्यांच्यासाठी.

आई कुठेतरी सुखात असेल, तिचा आत्मा शांत असेल, असं मला पुष्कळांनी सांगितलं. मायेनेच सांगितलं. पण मला तिचा हात हवा होता, विळीने कापलेल्या बोटाचा, कोथिंबिरीचा वास येणारा. आणि ही मागणी अजाण आहे असं तेव्हा मनोमन वाटायचं. सातशे वर्षांपूर्वी एका बेघर माणसाने ती स्वर्गातल्या सगळ्यात शहाण्या लोकांच्या तोंडी घातली आहे.