अपौरुषेय बातमी

आमची आई वर्तमानपत्रांतील लेख नेहमीं शेवटच्या ओळीपासून वाची. लेखाखालीं नांव आहे कीं नाहीं हें आधीं पाहावयाचें आणि मग वर जावयाचें, अशी तिची रीत. मीमांसकांनीं वेदांना अपौरुषेय म्हटलें आहे. पण निवडणुकीच्या दिवसांत छापील स्तुतीलाही कर्ता सांपडेनासा होतो, हें तिला त्यांच्याहून अधिक ठाऊक होतें.

वाचकांस नांदेडचें प्रकरण स्मरत असेल. २००९ च्या विधानसभा निवडणुकींत तत्कालीन मुख्यमंत्री अशोकराव चव्हाण आमच्या जिल्ह्यांतील भोकर मतदारसंघांतून उभे होते. त्यांची प्रशंसा करणारीं पानेंच्या पानें 'अशोकपर्व' अशा मथळ्याखालीं दैनिकांत आलीं; तीं जाहिरात म्हणून नव्हे, तर बातमी म्हणून. एक लेख तर निरनिराळ्या दैनिकांत शब्दशः तोच छापला गेला, हें पत्रकार पी. साईनाथ यांनीं 'द हिंदू'मधून दाखवून दिलें. एका वर्गांतल्या तीन मुलांनीं एकच निबंध आणला, तर मास्तरानें काय समजावें? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. २०१४ सालीं निवडणूक आयोगानें खर्चाच्या हिशेबावर ठपका ठेवला आणि त्याच वर्षीं दिल्ली उच्च न्यायालयानें आयोगाचा आदेश रद्द केला.

इंग्लंडांत ही व्याधि जुनी, म्हणून औषधही जुनें. १८८३ च्या कायद्यानें तेथें उमेदवाराच्या खर्चास मर्यादा घातली, आणि निवडणुकीच्या प्रत्येक भित्तिपत्रकावर मुद्रकाचें व प्रकाशकाचें नांव-पत्ता असलाच पाहिजे असें ठरविलें. आपल्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचें १२७ अ हें कलम त्याच कुळांतलें. तिकडे २०२२ च्या कायद्यानें संगणकावरच्या व मोबाइलवरच्या प्रचारासही नांव लावण्याचें बंधन आणलें.

हें सारें आम्ही सांगतों खरें; पण सांगण्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे? पूर्वीं लातूरच्या एका नगरपालिका निवडणुकींत आमचा भाचा येऊन म्हणाला, "मामा, तुमची भाषा भारदस्त. चार ओळी लिहून द्या." आम्ही भुललों. उमेदवारास आम्हीं कधीं पाहिलेंही नव्हतें. तरी 'लातूरची तहान ज्यास स्वतःच्या घशांत जाणवते' असें त्याचें वर्णन केलें, वर एक उपमा, एक अनुप्रास. तें दुसऱ्याच दिवशीं 'वार्ताहराकडून' म्हणून बातमींत झळकलें. आईनें नांदेडास तें वाचलें, चष्मा काढला आणि विचारलें, "भाषा चांगली आहे रे, पण हें म्हणतो तरी कोण?"

आम्ही गप्प राहिलों. जन्मभर मुलांना उत्तरपत्रिकेवर स्वच्छ अक्षरांत नांव घालावयास सांगणारे आम्ही, आणि स्वतःच्या आईपुढें तोंड उघडेना! पुढें २०१६ सालीं लातूरला मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें. त्या डब्यांचीं छायाचित्रें पाहतांना तो घसा व ती तहान आम्हांस फार टोंचली. तोंवर आई राहिली नव्हती.

मध्यंतरीं मोबाइलवर कोणा उमेदवाराची स्तुति आली. खालीं नांव नाहीं, मुद्रक नाहीं. दुसऱ्याच ओळींत ती 'लातूरची तहान', आमच्या उपमेसकट, भलत्याच माणसाच्या घशांत. भाच्यास दूरध्वनि केला, तर तो हंसून म्हणाला, "मामा, तें कुणी लिहिलें हें आतां कोण विचारतो?"

"तुझी आजी विचारीत असे," आम्ही म्हणालों, आणि तें आमचें होतें हें प्रथमच त्याच्या मुलांना सांगितलें.