कान्हेरीच्या वाटेवरला मुहूर्त

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीची लेणी पाहायला निघालेले बिऱ्हाड डबे, सतरंजी आणि पोरेबाळे यांच्या गडबडीत उतारावरल्या कारवीकडे ढुंकूनही पाहत नाही. त्यात त्याचा दोष नाही. सात वर्षे ही बाई पावसाळ्यात नुसती हिरवी, उन्हाळ्यात नुसत्या काड्या! आठव्या वर्षी, श्रावण-भाद्रपदात, सारा डोंगर जांभळा होतो, मधमाश्यांची झुंबड उडते आणि बी धरून अख्खी पिढी वाळून जाते. २००८, २०१६, २०२४ हे इथले बहर. मी तिन्ही पाहिले.

पण सह्याद्रीतल्या सगळ्या कारवीचे वर्ष एक नव्हे. गोत्र एक, मुहूर्त निराळा. मग सोयरीक जमायची कशी? एखाद्या उताराचे घड्याळ वर्षभराने सरकले, की त्याची लेकरेही सरकल्या वर्षीच फुलणार. इकडे पराग तयार, तेव्हा तिकडे कळीही नाही. मधे ना समुद्र, ना पर्वत. आड येते ते पंचांग! काही चुकार झुडपे अवेळी फुलतात, तेवढाच काय तो सांधा. तोही तुटला, तर हजारो वर्षांत दोन घराणी इतकी दुरावू शकतात, की पुढे एकत्र फुलूनही बी धरू नये. मग वनस्पतिशास्त्रज्ञ त्यांना दोन जाती म्हणतात.

साताऱ्याकडच्या कास पठारावरली टोपली कारवी ही आपल्या कारवीची चुलत बहीण. तिचे चक्र सातांचे. म्हणजे दोघी एका वर्षी फुलल्या, तर पुन्हा गाठ छप्पन्न वर्षांनी!

बोरिवलीचा पुढचा बहर २०३२ साली. नातीला आत्ताच सांगून ठेवले आहे. गुडघे टिकले तर मीही येईन.