बॉयकॉटच्या मुलखात तीन दिवस

आम्ही उभयता यात्रेची वाट चालून आलो असे सांगितले तेव्हा विहारातल्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली माणसे, आणि यात्रा कसली? तेव्हा आधी खुलासा करतो.

आमची मुलगी आयर्लंडमध्ये मेयो जिल्ह्यात नर्स आहे. गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे राहायला गेलो होतो. ती ड्युटीवर गेली की आम्ही दोघे खिडकीत बसून पाऊस बघायचो. शेवटी तीच म्हणाली, "आई, बाबा, इथे एक जुनी पायवाट आहे. मी सोडते, तुम्ही चाला." तिचे नाव टोखर फॉड्रिग, म्हणजे पॅट्रिकचा बांधरस्ता. बॅलिंटबरच्या मठापासून क्रोह पॅट्रिक डोंगरापर्यंत सुमारे ३५ किलोमीटर. तरणी माणसे एका दिवसात चालतात, आम्ही तीन दिवस लावले. संध्याकाळी मुलगी गाडीने घरी न्यायची आणि सकाळी सोडले होते तिथेच पुन्हा आणून सोडायची.

मठ १२१६ सालचा आहे. निघण्यापूर्वी तिथे नाव नोंदवायचे आणि मेणबत्ती लावायची अशी रीत आहे. आम्ही नाव लिहिले, पण मेणबत्तीपाशी थांबलो. तिथल्या बाईंना मुलीमार्फत सांगितले, आम्ही बौद्ध आहोत, देव मानत नाही. त्या म्हणाल्या, चालणाऱ्याला आम्ही ते विचारत नाही, फक्त मेंढरे आहेत म्हणून कुत्रा नेऊ नका. आम्ही मनात त्रिसरण म्हटले आणि निघालो.

वाट कोकणासारखीच. पाऊस, चिखल आणि दगडाचे गडगे. आमचे गाव महाड तालुक्यात, तेव्हा गडगे आम्हांला नवे नाहीत. नवी होती ती गडग्यावर चढून पलीकडे उतरायला केलेली लाकडी पायरी. वाट लोकांच्या खासगी शेतांतून जाते. प्रत्येक कुंपणाला अशी पायरी आणि वाट दाखवणारा खुणेचा क्रूस.

पहिल्या पायरीपाशी आम्ही दोघेही अडखळलो. लहानपणापासून अंगात मुरलेले भय आहे ते. दुसऱ्याच्या गडग्यावर पाय ठेवला तर शिव्या आणि मार. आमच्या बौद्धवाडीतून स्मशानात जायची वाट एका शेतातून जाते. ती गडगा घालून बंद केली आहे. मयत झाली की ओढ्यातून फिरून जावे लागते, आणि पावसाळ्यात ओढ्याला कमरेइतके पाणी असते. केस चालू आहे, म्हणून अधिक लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी ऑहागावरच्या जुन्या गोल मनोऱ्याच्या पुढे एक म्हातारा शेतकरी भेटला. मुलीला त्या दिवशी सुट्टी होती, तिने दुभाष्याचे काम केले. आम्ही विचारले, तुमच्या रानातून लोक जातात, कायदा आहे का? तो म्हणाला, कायदा नाही, माझी परवानगी आहे. उद्या नाही म्हटले तर वाट बंद. पण माझ्या बापाने नाही म्हटले नाही, मी कसा म्हणू? माणूस भला होता. तरी चालताना आमचा वाद झालाच. एकीचे म्हणणे, मन मोठे असले की कायदा कशाला? दुसऱ्याचे म्हणणे, मन मोठे असण्यावर राहिलो असतो तर चवदार तळ्याचे पाणी अजून पाहतच बसलो असतो. वाद मिटला नाही, पाऊस वाढला तेव्हा थांबला.

त्याच म्हाताऱ्याने दक्षिणेकडे बोट दाखवून सांगितले, तिकडे मास्क सरोवराकाठी कॅप्टन बॉयकॉट राहायचा. आम्ही चमकलो. बॉयकॉट हे माणसाचे आडनाव? मुलीने मग सगळी हकिकत सांगितली. चार्ल्स बॉयकॉट हा एका लॉर्डचा कारभारी. १८८० साली पीक बुडाले, कुळांनी खंड कमी करा म्हटले, तर हा त्यांना जमिनीवरून काढायला निघाला. तेव्हा लोकांनी हात उचलला नाही, फक्त पाठ फिरवली. मजूर कामावर येईनात, दुकानदार माल देईना, धोबीण कपडे धुवेना. पीक काढायला बाहेरून पन्नास माणसे आणि त्यांच्या राखणीला सुमारे हजार सैनिक-पोलीस आणावे लागले. त्याच वर्षी तो देश सोडून गेला.

हे ऐकून आमच्यातली एक रस्त्यातच खाली बसली. तिच्या आजीने सोसलेला बहिष्कार तिला आठवला. वाडीने मेलेली ढोरे ओढणे सोडले म्हणून गावाने बहिष्कार टाकला होता. दळण बंद, मीठ बंद, रानात परसाकडेला जाणेही बंद. एकच शब्द, पण इथे तो कुळांनी मालकावर टाकला आणि आमच्याकडे मालकांनी भूमिहीनांवर. बाबासाहेबांनी पत्राला 'बहिष्कृत भारत' नाव दिले ते १९२७ साली, आणि गोलमेज परिषदेत बहिष्कार हा गुन्हा ठरवा अशी मागणी केली. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा झाला २०१६ साली. आजी तेव्हा कुठली?

आयरिश माणसाचेही भोग कमी नाहीत. डोंगरउतारावर बटाट्याचे जुने वाफे अजून दिसतात, पेरणारे गेले. १८४५ पासूनच्या दुष्काळात देशात सुमारे दहा लाख मेले. मेयोत १८४१ साली ३ लाख ८९ हजार लोक होते, दहा वर्षांत पावणेतीन लाख उरले. कुळांची जमीन लीग उभारणारा मायकेल डेव्हिट याच जिल्ह्यातला. चार वर्षांचा असताना घरातून हाकलला गेला, आणि इंग्लंडच्या कापडगिरणीत अकराव्या वर्षी उजवा हात गमावून बसला. आमच्यापैकी एकाने साचेखात्यात उमर घालवली आहे. यंत्रात हात जाणे म्हणजे काय ते त्याला सांगावे लागत नाही.

तिसऱ्या दिवशी डोंगर. उंची ७६४ मीटर, शेवटचा चढ सुट्या दगडांचा. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो लोक चढतात, काही अनवाणी. आम्ही खिंडीपर्यंत गेलो. वर धुके होते आणि गुडघे बोलू लागले होते. खाली समुद्र आणि त्यात विखुरलेली बेटे. भाकरी आणि लसणाची चटणी तिथेच खाल्ली. पायथ्याशी, मुरिस्क गावी, दुष्काळाचे स्मारक आहे. काशाचे जहाज, त्याच्या दोरखंडांच्या जागी माणसांचे सांगाडे. तिथे मात्र आम्ही मेणबत्ती असती तर लावली असती.

घरी येऊन गडग्यावरच्या पायरीचा फोटो गावी पुतण्याला पाठवला. त्याचे उत्तर रात्री आले. "काका, अशी पायरी बांधायला कितीसा खर्च येईल? सुताराला विचारून ठेवतो. आणि केसची तारीख पुढच्या महिन्यात आहे, काकूंना घेऊन या."