भोपळा, जवारी आणि प्रीॲम्प

महागड्या ध्वनियंत्रांच्या शौकिनांत एक विधी असतो: झाकण उघडण्याचा. प्रीॲम्प ऐकण्याआधी त्याचे स्क्रू काढायचे, आत डोकवायचे आणि निकाल द्यायचा. कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीनचे, आवाजाचे बटण जपानी, तारा चांदीच्या, म्हणजे यंत्र उत्तम. एनई ५५३२ ही साधी आयसी दिसली की नाक मुरडायचे. वास्तविक १९८० नंतरच्या काळात स्टुडिओंतल्या मिक्सिंग टेबलांत हीच आयसी डझनांनी बसवली गेली. घरच्या यंत्रातल्या एका आयसीने जे गाणे मळते असे म्हणतात, ते मुळात तिच्या कितीतरी बहिणींच्या हातून आलेले असते. पेटीच्या वजनाचेही असेच कौतुक. २०१९ च्या महापुरात ज्याने घरचे सामान माडीवर चढवले, त्या वाडीकराला वजन हा गुण वाटणे जरा कठीण आहे.

नृसिंहवाडीहून वीसेक किलोमीटरवर मिरज. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. माल तिथेही पारखतात: भोपळा किती पक्व, तुणाचे लाकूड किती वाळलेले. पण ही पारख वाद्य घडवण्यापूर्वीची. वाद्य तयार झाल्यावर घोडीचा माथा घासून जवारी काढतात, तेव्हा मालाचे नाव कोणी काढत नाही. थोडे घासायचे, तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा घासायचे. घोडीच्या किंचित उतरत्या माथ्याला तार चाटून जाते, म्हणून मूळ स्वरासोबत वरचे स्वर झंकारतात. तारेखालचा सुताचा दोरा केसभर सरकला, तरी तो झंकार हरवतो. भोपळा तोच, लाकूड तेच, आणि तंबोरा मुका.

म्हणून ‘कान हेच प्रमाण’ म्हणणाऱ्यांचा विजय झाला, असे मात्र नाही. जवारी काढणारा एकच वाद्य, एकाच षड्जावर, पुनःपुन्हा ऐकतो. दुकानातले गिऱ्हाईक दोन यंत्रे ऐकते, किमती ठाऊक असताना, आणि त्यांतले एक किंचित मोठ्याने वाजत असते. अर्ध्या डेसिबलचा फरक कानाला मोठा आवाज म्हणून कळत नाही. अधिक खुला, अधिक जिवंत आवाज म्हणून कळतो. विक्रेत्यांना हे पुरते ठाऊक असते.

कुरुंदवाडचा माझा एक मित्र शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाला. त्याच्याकडे वडिलांच्या जुन्या तबकड्या आहेत, अब्दुल करीम खाँसाहेबांच्याही. निवृत्तीच्या पैशांतून दीड लाखाचा प्रीॲम्प घ्यावा, असे त्याच्या मनात होते. ‘तू आत बघून सांग,’ म्हणाला. मी झाकण उघडले नाही. तो यंत्र आणि माझा जुना, ५५३२ चा प्रीॲम्प शेजारी ठेवले, मल्टिमीटर लावून दोघांचा आवाज एक टक्क्याच्या आत, म्हणजे साधारण ०.१ डेसिबलपर्यंत, जुळवला आणि दोन्हींवर पंचा टाकला. मग एलपी लावली. महागडे कोणते, हे त्याने निम्म्या वेळा बरोबर ओळखले, निम्म्या वेळा चूक. एखादे नाणे उडवले असते तरी एवढेच जमले असते. मित्र थोडा खट्टू झाला. त्याने मनाने ते यंत्र कधीच विकत घेतले होते.

यानंतर खाँसाहेबांची तबकडी लावली आणि माझ्या यंत्रावरचे एक बटण फिरवले. आवाज एकदम पुढे आला. खरखरही वाढली, पण गळ्यातली बारीक धार त्या खरखरीच्या वर स्पष्ट ऐकू येऊ लागली. कारण साधे आहे. तबकडी कोरताना खर्ज दाबतात आणि तार स्वर उचलतात. प्रीॲम्पने ते नेमके उलटे करायचे असते. त्यासाठी आज रूढ असलेला आरआयएए वक्र १९५४ चा. खाँसाहेब १९३७ मध्येच गेले. त्यांच्या काळच्या अनेक तबकड्यांत तार स्वर इतके उचललेलेच नाहीत. आजचा वक्र ते विनाकारण कापतो आणि गाणे घोंगडीआड जाते. हा वक्र रोधक आणि कपॅसिटर यांच्या मूल्यांवर ठरतो, त्यांच्या कुळावर नाही. सर्वोत्तम कपॅसिटर चुकीच्या मूल्याचा बसवला, तर तो मोठ्या निष्ठेने चुकीचेच ऐकवील. दीड लाखाच्या यंत्राला ते बटण नव्हते.

मित्राने पैसे अजून खर्चलेले नाहीत. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद असते, तिला सुईही जाड लागते. तो इतके दिवस एलपीच्या बारीक सुईने भागवत होता. जाड सुई मागवली आहे, ती पुढच्या आठवड्यात येईल.